पान एक्साइजचं, फूल पोलिसांचं

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज केला : मला माझ्या दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी. कारणही दिलं होतं. शेतमालाला भाव नाही, घातलेला खर्चसुद्धा निघत नाही, गांजाला मात्र बाजार चांगला आहे. खरी गंमत पुढेच होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून १६ तारखेपासून लागवड सुरू करीन. पुढे गुन्हाबिन्हा दाखल झाला तर त्याला प्रशासन जबाबदार राहील.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त होईतो इतके अर्ज वाचले, की आता लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी आवक क्रमांक शोधतो. त्या अनुभवावरून सांगतो, असा अर्ज विरळा. विषय स्पष्ट, क्षेत्र नमूद, कारण नमूद, मुदत घातलेली, जबाबदारी निश्चित केलेली. एरवी आमच्याकडचे अर्ज ‘तरी मायबाप साहेबांनी योग्य तो न्याय द्यावा’ इथे संपायचे, आणि न्याय नेमका कशाबद्दल हवाय ते अर्जदार तोंडी सांगायला यायचा. तेही साहेब दौऱ्यावर असताना.

इतका सरळ अर्ज कुठल्याच कचेरीला सोसत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून तो पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी ‘प्रसिद्धीसाठी केलेला स्टंट’ म्हणून त्याची बोळवण केली. उसाच्या फडात चोरून चार झाडं लावणाऱ्याकडे पोलीस पंच घेऊन, वजनकाटा घेऊन, फोटोग्राफर घेऊन जातात. विचारून लावीन म्हणणाऱ्याला कुणी गंभीरपणे घेत नाही.

मला मात्र तो अर्ज काही केल्या डोक्यातून जाईना. समजा, त्या दिवशी ते टेबल माझ्याकडे असतं. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून पुढे पाठवायचा, इथवर ठीक. पण पाठवायचा कुणाकडे? हे झाड नेमकं कुठल्या खात्याचं? निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, शिवाय वाचनालयाची वर्गणी भरलेली होती. बसलो कायदे चाळत.

निघालं ते असं. झाडाचा शेंडा, म्हणजे फूल, अमली पदार्थांच्या कायद्याचा. तो केंद्राचा, १९८५ सालचा. त्याच्यामागे दिल्लीच्या नार्कोटिक्सपासून मोहोळच्या हवालदारापर्यंत सगळे. पान राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचं, ज्याला जनता आणि खातं दोघंही एक्साइज म्हणतात. बी खायचं असेल तर ते अन्नसुरक्षावाल्यांचं, एफएसएसएआयचं. औषध करायचं तर आयुष. खोडापासून धागा काढायचा तर राज्य सरकारने आधी लागवडीचे नियम करायचे आणि मग परवाना द्यायचा. मुळांवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही. ती जमिनीत आहेत, म्हणजे बहुधा आमच्या महसूलकडेच यायची.

ही वाटणी माझ्या मनची नाही. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळावर आलेले शेंडे, आणि बी व पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती त्यात धरायची नाहीत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पान शेंड्याला धरून असेपर्यंत गुन्हेगार. शेंड्यापासून सुटलं की निर्दोष. संगतीचा परिणाम आमच्या मास्तरांनी आठ वर्षं शिकवला, पण इतक्या थोडक्यात त्यांनाही जमला नव्हता.

पान असं मोकळं सुटल्यामुळेच उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. आम्ही काशीला गेलो होतो तेव्हा ‘सरकारी भांग की दुकान’ अशी पाटी बघून आमच्या मंडळींना ते रेशन दुकान वाटलं. पिशवी घेऊन त्या रांगेत उभ्या राहायच्या बेतात होत्या. उत्तर प्रदेश सरकारने २०२५ मध्ये दारूच्या दुकानांबरोबर ही भांगेची दुकानंही ई-लॉटरीने दिली. म्हणजे संगणकाने चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नशीब त्याला भांग. आपल्याकडे म्हाडाचं घर याच पद्धतीने मिळतं. तिथे नाव लागलं तर माणूस घर बघून येईपर्यंत शुद्धीवर असतो, एवढाच फरक.

महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्यात येते. हा कायदा १९४९ सालचा, मूळचा ‘मुंबई’, आता ‘महाराष्ट्र’. त्याच्या नावात दारूबंदी आहे आणि तो चालवणाऱ्या खात्याच्या नावात उत्पादन आहे. परवान्याशिवाय भांग करायची नाही, जवळ ठेवायची नाही, प्यायची नाही. होळीला थंडाईचे ग्लास घेऊन गच्चीवर बसणाऱ्यांना हे कुणी सांगू नये. सणाचा विरस होतो, आणि सांगणाऱ्याला ग्लास मिळत नाही.

आता हे पान आणि शेंडा वेगळे करणं कागदावर सोपं आहे. पकडलेल्या मालात ते एकाच गोणीत असतात. कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प मात्रा’ आणि वीस किलोच्या वर ‘व्यापारी मात्रा’. पहिल्यात जास्तीत जास्त वर्षाची कैद, दुसऱ्यात कमीत कमी दहा वर्षं आणि जामिनाची मारामार. त्यामुळे पानं, काड्या, बिया धरून गोणी बावीस किलोची भरली आणि नुसते शेंडे अठराच किलो निघाले, तर मधल्या चार किलो पाल्यावर एका माणसाचं दशक अवलंबून. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांत जामिनाचे वाद याच मुद्द्यावर झाले आहेत : वजन केलंत ते शेंड्यांचं, की सगळ्याचं? मला तर ते ठाणंच डोळ्यांपुढे येतं. हवालदाराने जमिनीवर कालचा पेपर अंथरलाय आणि तो रविवारची मेथी निवडावी तसा माल निवडतोय. शेंडे इकडे, पानं तिकडे. समोर दोन पंच जांभया देतायत आणि खिडकीबाहेरून आरोपीचा वकील ओरडतोय, “अहो, त्या काडीला पान राहिलंय!”

कर्नाटकात तर २०२२ मध्ये याहून मोठी गंमत झाली. बंगळुरूत एका माणसाकडे २९ किलो भांग सापडली. उच्च न्यायालयाने त्याला जामीन देताना म्हटलं, की भांग हे उत्तर भारतात शिवमंदिरांच्या आसपास मिळणारं पारंपरिक पेय आहे, लस्सीच्या दुकानातही ते मिळतं, आणि ही भांग गांजापासून किंवा चरसापासून केली असं दाखवणारा पुरावा नाही. २९ किलोंवर कोर्टाने असा पाण्याचा हात फिरवलेला बघून मोहोळच्या अर्जदाराला काय वाटलं असेल!

जप्त केलेला माल पुढे जपायचा असतो, हे तर त्याहून अवघड. मथुरेच्या पोलिसांना २०२२ मध्ये न्यायालयाने जप्तीचा गांजा हजर करायला सांगितला. पोलीस म्हणाले, तो उंदरांनी खाल्ला. दोन ठाण्यांच्या मालखान्यांतला मिळून ५८१ किलो. उंदीर आकाराने लहान असल्यामुळे त्यांना पोलिसांची भीती वाटत नाही, अशा आशयाचं वाक्यही त्या प्रकरणात बातम्यांतून छापून आलं. दोन वर्षांनी झारखंडच्या धनबाद जिल्ह्यातल्या उंदरांनी दहा किलो भांग आणि नऊ किलो गांजा फस्त केल्याचं तिथल्या पोलिसांनी कोर्टात सांगितलं. धनबादचे उंदीर जरा कायदा जाणणारे म्हणायचे; वीस किलोच्या आत राहिले. मथुरेचं प्रकरण मात्र व्यापारी मात्रेच्या एकोणतीस पट आहे. तिथल्या उंदरांना जामीन मिळायला नको.

तुम्ही म्हणाल, एका झाडाचे इतके तुकडे केले कुणी? इंग्रजांनी, असं म्हणायचा मोह होतो. पण इंग्रजांनी उलट फार शिस्तीत काम केलं होतं. १८९३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात कुणीतरी प्रश्न विचारला, की हिंदुस्थानात गांजा ओढून माणसं वेडी होतात म्हणे, खरं काय? आपल्याकडे विधानसभेत प्रश्न आला की ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं उत्तर जातं. त्यांनी सात जणांचा आयोग नेमला. आयोगाने देशभर हिंडून ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत डॉक्टर, कलेक्टर, पाद्री, वैद्य, जमीनदार असे सगळे होते. वेड्यांच्या इस्पितळांतले कागद मागवले आणि एकेका रुग्णाची नोंद पुन्हा पाहिली. तेव्हा उघडकीला आलं, की रुग्ण दाखल करताना वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ लिहिण्याची कारकुनांना सवय होती. कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, काहीतरी लिहावं लागतं! माझ्या या पूर्वसूरींबद्दल मला आत्मीयता वाटली. रिकाम्या रकान्याची धास्ती ज्याने अनुभवली नाही त्याला ती कळायची नाही.

अहवाल तीन हजारांहून जास्त पानांचा झाला. निष्कर्ष असा, की बेताने घेणाऱ्याला यातून बहुतेक काही अपाय होत नाही. तेव्हा सरसकट बंदी नको. लागवड ठरावीक जागी होऊ द्यावी, दुकानं मोजकी ठेवावीत, परवाना द्यावा, कर लावावा. थोडक्यात, आज जगभर ज्या धोरणाला पुरोगामी म्हणतात ते १८९४ मध्ये सिमल्याला छापून तयार होतं.

पुढे अमली पदार्थांबद्दलचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. ‘बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर’ ही शब्दरचना त्यातलीच, आपण ती जशीच्या तशी उतरवली. औषधाशिवायचा वापर पंचवीस वर्षांत बंद करायची अट त्यात होती. करार अमलात आला १९६४ मध्ये, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. आपण आपला कायदा नोव्हेंबर १९८५ मध्येच लागू केला. मुदतीच्या चार वर्षं आधी! माझ्या उभ्या नोकरीत सरकारचं दुसरं काही काम मुदतीआधी झालेलं मला आठवत नाही.

पण याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. कलम १४ : फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कारणासाठी, किंवा उद्यानविद्येच्या कारणासाठी, सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उद्यानविद्या म्हणजे हौसेची बाग! पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे गुलाब, शेवंती आणि बोन्सायच्या शेजारी हा एक विभाग निघाला, तर परीक्षकांची कमतरता पडणार नाही.

ही खिडकी मी शोधून काढली नाही. ती आमच्या भाच्याने दाखवली. भाचा हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून ‘वेलनेस’मध्ये आला आहे. वेलनेस म्हणजे काय, ते माझ्या बहिणीला अजून समजलेलं नाही. ती नातेवाइकांना ‘त्याचं आयुर्वेदाचं काहीतरी आहे’ असं सांगते.

“मामा, तू घाबरू नकोस. मी फक्त बी विकणार. हेम्प सीड. बी कायद्याच्या बाहेर आहे. त्यात प्रोटीन, ओमेगा, सगळं आहे.”

“आणि नशा?”

“नाही.”

“मग घेणार कोण?”

या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्याने मला लॅपटॉपवर एक तासाचं सादरीकरण दाखवलं. सार एवढंच, की उत्तराखंडच्या पहाडात या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयने हे बी, त्याचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. त्यामुळे भाच्याने चटणी करायची ठरवली. बहिणीने घरी खलबत्त्यात करून पाहिली. कारळ्याची निम्मी घातल्यावर बरी लागली.

पाकिटाचं डिझाइन मात्र बघण्यासारखं झालं होतं. डिझायनर मुलगी हुशार. मधोमध ते सात बोटांचं हिरवं पान, खाली झोकदार अक्षरात नाव. भाचा खूश. मी चष्मा लावून नियम वाचले. लेबलवर झाडाचा बीशिवाय कुठलाही भाग दाखवायचा नाही, पान तर नाहीच. नशा येते असं सुचवायचं नाही. गांजाच्या अर्थाचा शब्द नको. झाडातल्या सीबीडी नावाच्या द्रव्याने गुण येतो असा दावा नको.

“म्हणजे आपण काय विकतोय हे सोडून बाकी सगळं लिहायचं?” डिझायनर म्हणाली.

“बी काढ,” मी म्हटलं.

तिने बी काढलं. करड्या रंगाचा एक गोल ठिपका. आता ते पाकीट होमिओपॅथीच्या गोळ्यांचं वाटतं. फर्ग्युसन रस्त्यावर मात्र तेच सात बोटांचं पान छातीवर छापलेले टी-शर्ट दोनशे रुपयांना लटकतायत, गोव्याच्या किनाऱ्यावर तर चादरी मिळतात, टोप्या मिळतात, लायटर मिळतात. त्यांना कुणी विचारत नाही. सबंध देशात ते पान छापायची मनाई ज्याने परवाना काढलाय त्याला!

चटणी फारशी खपली नाही तेव्हा भाचा औषधाकडे वळला. आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. औषधांच्या केंद्रीय नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, त्यात भांग आणि गांजा आहेत. शेजारी धोतरा, बचनाग, जमालगोटा आणि आपला बिब्बा. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ज्याची सत्ता होती तो बिब्बा कायद्याच्या लेखी गांजाच्या पंक्तीला बसतो. या यादीतलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल तर बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. औषध बनवायला आयुषचा परवाना. त्यासाठी पान लागतं आणि पान दुसऱ्या राज्यातून यायचं. म्हणजे त्यांच्या एक्साइजने सोडल्याचा कागद, आपल्या एक्साइजने घेतल्याचा कागद, वाटेतल्या गाडीचा पास. वैद्यांनी चिठ्ठी लिहायची ती वेगळी. संधिवाताचा रुग्ण एवढे कागद बघूनच चालायला लागेल.

भाचा वैतागला. “मामा, एका औषधासाठी एवढं? आणि दारू बघ कशी मिळते!”

इथे मला त्याचं अज्ञान दूर करावं लागलं. दारूही महाराष्ट्रात परवान्यावरच मिळते. पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजन्म हजारात. आणि तो परवाना कशासाठी? पिणाऱ्याच्या आरोग्याचं जतन आणि संवर्धन व्हावं म्हणून! मूळ नियमांतच तसं आहे. त्या हिशेबाने शनिवारी रात्री परमिट रूममध्ये बसलेली समस्त मंडळी उपचार घेत असतात. वेटर शेंगदाणे आणतो ते पथ्याचे. वैद्यकीय गांजावर इतर देशांत पंचवीस-तीस वर्षं चर्चा चालू आहेत. आपण वैद्यकीय दारू कधीच मंजूर करून बसलोय, आणि एकाही रुग्णाची तक्रार नाही.

“मग मी उत्तराखंडला जातो,” भाचा म्हणाला.

उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा हेम्पच्या व्यापारी लागवडीला परवाना दिला. अट एकच, टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत. टीएचसी म्हणजे ज्याने डोकं फिरतं ते. ही ०.३ ची रेष आली कुठून, ते शोधताना मला फार आनंद झाला. १९७६ मध्ये कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडांचं वर्गीकरण करताना कुठेतरी सीमा हवी म्हणून ही रेष ओढली. ती सोयीसाठी ओढली आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. पुढे प्रत्येक सरकारला पूर्वोदाहरण मिळालं. अमेरिकेने २०१८ च्या शेतकी कायद्यात तोच आकडा घातला, उत्तराखंडनेही तोच. शास्त्रज्ञाने खडूने आखलेल्या रेषेवर तहसीलदाराने कुंपण घालावं, अशातली गत झाली. पूर्वोदाहरण सापडल्यावर कारण कुणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं.

अडचण एवढीच, की झाडाला हे कुणी कळवलेलं नाही. हिमालयातलं गावठी बी या रेषेत सहजी बसत नाही. ऊन, उंची, बियाण्याची जात यांनी आकडा हलतो, आणि फूल पिकत जाईल तसा तो चढत जातो. अमेरिकेत नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत कापणी उरकावी लागते. आकडा वर गेला तर पीक ‘हॉट’ झालं म्हणतात आणि ते बऱ्याचदा नष्ट करावं लागतं. सोमवारी तुम्ही सन्माननीय शेतकरी. त्या आठवड्यात ऊन जरा जास्त पडलं, की पुढच्या सोमवारी त्याच झाडांचे गांजावाले.

भाच्याचा एक वर्गमित्र ओक्लाहोमात असतो. त्याने सांगितलं ते ऐकून आम्हाला आपलीच व्यवस्था बरी वाटायला लागली. तिथे २०१८ मध्ये लोकांनी मत देऊन औषधी गांजा मंजूर केला. परवान्याची फी अडीच हजार डॉलर, आणि किती परवाने द्यायचे याला मर्यादाच नव्हती. बघता बघता दोन हजारांवर दुकानं झाली, शेवटी सरकारला २०२२ मध्ये नवीन परवाने थांबवावे लागले. पुण्यात अमृततुल्य आणि मिसळ यांचं जे झालं ते तिकडे औषधाचं झालं. राज्याने मान्य केलेला हा धंदा केंद्राच्या लेखी मात्र गुन्हाच. बँका दूर राहतात, दुकानं रोखीवर चालतात. केंद्राचा आयकर विभाग या बेकायदा उत्पन्नावर कर मात्र चोख घेतो, पण दुकानाचं भाडं नि पगार वजा करू देत नाही. हे कलम ज्याने काढलं तो आमच्या खात्यात असता तर उपजिल्हाधिकारी होऊन निवृत्त झाला असता.

सध्या भाचा हिमाचलकडे डोळे लावून बसलाय. तिथे मंत्र्यांच्या समितीने अहवाल दिला, सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तो स्वीकारला, जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना पथदर्शी अभ्यास करायला सांगितलं. हिमाचलच्या दऱ्यांत जे झाड न लावता उगवतं, ते लावलं तर उगवेल का, यावर अभ्यास. मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस, अभ्यास म्हणजे अजून बरीच टिपणं व्हायची आहेत.

आणि उद्या आपल्याकडेही हे सुरू झालं असं धरून चालू. म्हणजे एका गटात धाग्याचं हेम्प, शेजारच्या गटात औषधाचं पीक. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. औषधवाल्याला नुसत्या माद्या हव्यात, तेही फळ न धरलेल्या. बी धरलं की माल उतरला. हेम्पवाल्याला नर चालतात, बियांसाठी तर हवेतच. नराचे परागकण वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जातात. बांध अर्धा फूट सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टात घालवणारा आपला शेतकरी हे सहन करील? तो तलाठ्याला बोलावणार. तलाठी काय पंचनामा करणार? ‘समक्ष पाहिले असता वारा पश्चिमेकडून येत होता.’ ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो टाकायचा, तर पिकांच्या यादीत हे पीक नाही, ‘इतर’ निवडायचं.

यावरचा उपाय बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकातच निघाला होता. राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होती. तिथे एक तज्ज्ञ माणूस शेतातून हिंडून कोवळ्या झाडांतले नर ओळखायचा आणि मोडून टाकायचा. त्याला चक्क गांजा-डॉक्टर म्हणत. नजर अशी, की फूल यायच्या आत कळायचं. हे पद पुनरुज्जीवित करावं, असा प्रस्ताव मी भाच्याला तयार करून दिला आहे, सोबत औचित्य टिपणी आणि १८९४ च्या अहवालाचा संदर्भ. वित्त विभाग तो परत पाठवणार, हे मला माहीत आहे. मग सुधारित प्रस्ताव : तालुक्याला एक पद, कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी, एकत्रित मानधनावर. पात्रता बारावी विज्ञान. एमएस-सीआयटी अनिवार्य, आणि मराठी टंकलेखन मिनिटाला तीस शब्द.